गाभण गाई घ्याव्यात की दुभत्या? शिरूरला चार गाई वाढवायच्यात, अनुभव सांगा

घोडकाठ (२४ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी हडपसरला राहतो, नोकरी इकडेच. गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अलीकडे. गावी आई-अण्णा असतात, दोन एकर ऊस आणि दीड एकरात मका, कडवळ, थोडा लसूणघास. दावणीला सध्या दोन जर्सी क्रॉस आहेत, एक तिसऱ्या वेताची, अकरा-बारा लिटर देते, दुसरी आटवलीय, म्हणजे विण्याआधी दूध बंद केलंय. गेल्या वर्षी आठ जनावरांचा गोठा बांधला, मुरघासाच्या बॅगा भरून ठेवल्यात, कडबाकुट्टी आहे. आता चार एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) क्रॉस घ्यायच्या असं घरात ठरलंय. थोडे पैसे साठवलेत आणि थोडं बँकेचं कर्ज मंजूर झालंय.

वाद एकाच गोष्टीवर आहे. अण्णा म्हणतात दुभतीच घ्यायची, आपल्यासमोर धार निघते, जे आहे ते बादलीत दिसतं. चुलते म्हणतात गाभण घे, एका पैशात दोन जीव येतात, शिवाय सगळं वेत पहिल्या दिवसापासून आपल्याला मिळतं, दुभतीचं अर्धं दूध तर आधीच्या मालकानं खाल्लेलं असतं. दोघांचंही पटतं, तीच अडचण आहे.

काल चाकणच्या बाजाराला जाऊन आलो. पाऊस, चिखल, पिकअपची गर्दी. एका व्यापाऱ्यानं चार दाती पहिलारू कालवड दाखवली, काळी-पांढरी, अंगानं चांगली, कास अशी तट्ट की कातडी चमकत होती. म्हणाला आठ महिने पूर्ण झालेत, पंधरा दिवसांत विणार, खाली पंचवीस लिटर धरा, ९५ हजार. मी विचारलं कधी भरवली, तारीख काय, तर म्हणाला "मालक कास बघा ना, कास काय खोटं बोलती का." चुलत्यांना पसंत होती, विसार द्यायच्या बेतात होते, मीच म्हटलं दोन दिवस थांबू.

तर ज्यांनी गाभण गाई विकत घेतल्यात त्यांनी खरं खरं सांगा, फायदा झाला का, कुठं फसलात, काय बघून घ्यायचं. अण्णांचं वय ६४ आहे, रोजची मेहनत त्यांचीच, मी शनिवार-रविवार. चुकीची गाय दावणीला बांधली तर ती त्यांना उपसावी लागेल म्हणून एवढी काळजी वाटते.

दौंड_गोठा

विसार दिला नाहीत ते फार बरं केलंत. तुम्हीच लिहिलेलं परत वाचा, आठ महिने पूर्ण आणि पंधरा दिवसांत विणार. गाय नऊ महिने नऊ दिवसांची असते. साडेआठ महिन्यांत व्यायली तर ते वासरू अपुऱ्या दिवसांचं. म्हणजे एक तर आठ महिने खोटे नाहीतर पंधरा दिवस खोटे, आणि त्याला स्वतःलाच माहीत नाही कारण ती त्यानं चार दिवसांपूर्वी दुसऱ्या बाजारातून उचललेली असणार.

मी अण्णांच्या बाजूनं. दुभतीच घ्या. संध्याकाळ, सकाळ, परत संध्याकाळ अशा सलग तीन धारा स्वतः उभं राहून काढून घ्यायच्या. पहिल्या धारेवर अजिबात जाऊ नका, ती तुंबवलेली असू शकते, दुसरी आणि तिसरी खरी.

जुन्नरकरीण

दादा, मी गाभणच्या बाजूनं लिहिते, पण बाजारातल्या नाही.

आमच्याकडे आता अकरा जनावरं आहेत. सुरुवात दोन गाभण कालवडींनी झाली, आठ वर्षं झाली त्याला. बेल्ह्याच्या बाजारात दोनदा जाऊन रिकाम्या हातानं परत आलो, मग सासूबाई म्हणाल्या बाजार कशाला, ज्यांच्या घरी आपण कालवड मोठी होताना बघितली त्यांच्याकडूनच घेऊ. शेजारच्या वाडीतलं एक घर होतं, मुलगा मुंबईला गेला, म्हातारा-म्हातारीला होईना. त्यांच्या दोन्ही कालवडी सातव्या महिन्यात घेतल्या. कालवडीची आई तिथंच दावणीला होती, तिची कास बघितली, सड बघितले, चौथ्या वेताला चौदा लिटर देत होती. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावर म्हाताऱ्यानं भरवल्याच्या दिवशी गोल करून ठेवला होता. तो गोल मला अजून आठवतो. आम्ही त्या कॅलेंडरचं पान मागून घेतलं आणि आमच्या गोठ्यात चिकटवलं. एक बरोब्बर त्या दिवशी व्यायली, दुसरी चार दिवस पुढं.

त्या दोघींच्या लेकी-नाती आज गोठ्यात आहेत. दुभती गाय घेतली असती तर दुसऱ्या दिवसापासून दूध मिळालं असतं हे खरं, पण मला गाय कळली नसती. गाभण असताना दोन महिने तिला चारलं, धुतलं, कासेला हात लावून सवय केली, म्हणून व्यायल्यावर पहिल्या धारेला तिनं लाथ उचलली नाही. पहिलारूचं हे फार महत्त्वाचं असतं, विशेषतः धार काढणारं माणूस वयस्कर असेल तर.

वाटसरू_खेड

छान धागा. वाचतोय.

नीराकाठ

मी लिहू का नको असा विचार करत होतो, पण घोडकाठ भाऊ तुमच्या घरी आधीच्या दोन गाई आहेत आणि वडील वयस्कर आहेत म्हणून लिहितो.

२०२१ साली आम्ही तीन गाभण गाई घेतल्या, परराज्यातून आलेल्या, एका व्यापाऱ्याकडून. एकेकीचं अंगच असं होतं की बघणारा बघत राहील. तिन्ही सहा ते सात महिन्यांच्या, आमच्या इथल्या एका जाणकारानं हात घालून सांगितलं गाभण आहेत, आणि त्या होत्याच. म्हणजे फसवणूक गाभाची नव्हतीच.

आणल्यापासून एकोणिसाव्या दिवशी पहाटे त्यातल्या एकीनं गाभ टाकला. मी टॉर्च घेऊन गेलो तर वासरू पडलेलं, अंगावर केस आलेले, डोळे मिटलेले, आणि वार आतच अडकलेली. वडिलांनी तसंच, हातात काही न घालता, ते उचललं. मला वाटलं प्रवासाचा धक्का असेल, गाडीत दणके बसले असतील. डॉक्टर आले, त्यांनी वार काढायची घाई नको म्हणून औषधं दिली. पुढं पाच आठवड्यांनी आमची घरची गाय, जी कुठंही गेली नव्हती, तिनं आठव्या महिन्यात गाभ टाकला. तेव्हा डॉक्टर गंभीर झाले. सगळ्यांची रक्तं काढून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवली. ब्रुसेला निघाला, गाभ टाकायला लावणारा आणि माणसालाही लागणारा रोग. आणलेल्या तीनपैकी दोन आणि घरच्या दोन.

त्याच सुमारास वडिलांना ताप सुरू झाला. येतो, जातो, रात्री घामानं अंथरूण ओलं, सांधे धरलेले. टायफॉइड म्हणून औषध झालं, मलेरिया तपासला. शेवटी मी त्यांच्या डॉक्टरला गाईंचं सांगितलं तेव्हा वडिलांची ब्रुसेलाची तपासणी झाली आणि तोच निघाला. सहा आठवडे गोळ्या. बरे झाले, पण गुडघे पहिल्यासारखे राहिले नाहीत.

पैसे किती गेले ते सोडून द्या. हात न झाकता ते वासरू उचललं ते मी बघत उभा होतो, ते मनातून जात नाही. म्हणून सांगतो, बाहेरून गाभण गाय आणताना ती गाभण आहे का एवढंच विचारू नका.

घोडकाठ

नीराकाठ भाऊ, वाचून अंगावर काटा आला. लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वडील आता ठीक असतील अशी आशा. रक्त तपासूनच घ्यायची असं ठरवलं तर व्यापारी थांबतो का? आणि एकदा तपासणी निगेटिव्ह आली की मग निर्धास्त का?

पशुवैद्य_सासवड

सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं झाली, थोडं सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. निर्धास्त नाही. ब्रुसेलाची एक वाईट खोड आहे. लहानपणी लागण झालेली कालवड रक्ताच्या तपासणीत कोरी निघू शकते आणि गाभाच्या शेवटी किंवा व्यायल्यानंतर पॉझिटिव्ह होते. म्हणून गाभण जनावरात एक तपासणी घेण्यापूर्वी आणि दुसरी व्यायल्यावर दोन-चार आठवड्यांनी, अशी दोनदा करायची. तोपर्यंत ती वेगळ्या दावणीला, वेगळी बादली, तिचं काम सगळ्यात शेवटी. व्यायलीही वेगळीच पाहिजे, कारण रोग पसरतो तो मुख्यतः विण्याच्या किंवा गाभ टाकण्याच्या वेळच्या स्रावांतून. गाभ टाकलाच तर हातमोजे घालून वासरू आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ द्यायची नाही. दूध उकळूनच प्यायचं. गावातल्या आपल्या दवाखान्यातून रक्तनमुना औंधला पाठवता येतो. जो विकणारा रक्त काढू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, एवढं सोपं आहे ते. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात याची लस एकदाच द्यायची असते, २०१९ पासून लाळ्या-खुरकताबरोबर राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे. विकणाऱ्याला विचारा दिली होती का.

आता तारखेचं. लोकांना वाटतं डॉक्टरनं हात घातला की महिना-दिवस बरोबर कळतो. दोन ते चार महिन्यांच्या गाभात आम्ही बऱ्यापैकी नेमकं सांगू शकतो. सात-आठ महिन्यांची असेल तर वासरू हाताला लागतं, गर्भाशयाच्या रक्तवाहिनीत एक वेगळी थरथर लागते, गाभण आहे हे छातीठोक सांगता येतं, पण सात की आठ, यात महिन्याचा फरक पडू शकतो. म्हणून भरवल्याची तारीख आणि तीन महिन्यांच्या आतबाहेर झालेली गाभ तपासणी, यांची नोंद सोन्याची. ती नोंद आता मिळू शकते. गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, त्या नंबरवर भारत पशुधन प्रणालीत रेतन, गाभ तपासणी, लसीकरण हे सगळं चढवलेलं असतं, निदान चढवलेलं असायला पाहिजे. नंबर घेऊन तुमच्या दवाखान्यात जा, दोन मिनिटांत बघून देतील. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक करायची नाही असा नियमच आहे. घेतल्यावर मालकाचं नाव बदलून घ्यायला विसरू नका. कानाला ताजी जखम आणि कोराकरकरीत बिल्ला दिसला तर जुना काढून नवा मारलाय का अशी शंका घ्या, कारण जुन्या नंबराबरोबर सगळा इतिहास जातो.

कधी आणायची, हा खरा मुद्दा. माझं मत, सहा-साडेसहा महिन्यांपासून साडेसात महिन्यांपर्यंत. शेवटच्या महिन्यात अजिबात हलवू नये. एक तर प्रवासात गाभ टाकायची किंवा लवकर विण्याची भीती. दुसरं कारण लोकांना माहीत नसतं. चीक कासेत तयार व्हायला विण्याच्या चार-पाच आठवडे आधीपासून सुरुवात होते, आणि गाय ज्या गोठ्यात राहते तिथल्या रोगजंतूंविरुद्धची ताकद ती चिकातून वासराला देते. गाय विण्याच्या आधी आठवडाभर आणली तर तिच्या चिकात जुन्या गोठ्याची ताकद असते, तुमच्या नाही. मग वासरं हगवणीनं मरतात आणि मालक म्हणतो पायगुण वाईट.

आणि कृपा करून आटवलेल्या गाईचे सड पिळून बघू नका. आटवल्यावर सडाच्या तोंडाशी एक चिकट बूच तयार होतं, तेच जंतूंना अडवतं. बाजारात दहा गिऱ्हाईकं दहा वेळा पिळतात आणि गाय व्यायली की एक सड दगडी होऊन बसतो. कास हातानं चाचपा, चारी भाग सारखे मऊ आहेत का, कुठं गाठ किंवा दगडासारखं लागतं का. पिळायचं नाही.

उरुळीकर

डॉक्टरसाहेब फार छान. एक भर घालतो, कालवड कोणत्या वळूच्या कांडीनं (कृत्रिम रेतनाच्या) भरलीय तेही विचारा. आमच्याकडे एक लहान अंगाची कालवड मोठ्या एचएफ वळूनं भरली होती. अडली, चार माणसं लागली, वासरू मेलेलं आणि गाय तीन दिवस उठली नाही. तेव्हापासून कालवडीला जर्सीची कांडी नाहीतर सोप्या विण्याचा वळू. आमच्या इथं उरुळीला बायफ या पशुसंवर्धनात काम करणाऱ्या संस्थेचं मोठं केंद्र असल्यामुळं (मणिभाई देसाईंनी १९६७ ला सुरू केलेलं) लोकांना वळूचा नंबर विचारायची सवय आहे, बाकी ठिकाणी कोणी विचारतच नाही. अडीचशे-पावणेतीनशे किलोच्या आत भरलेली एचएफ क्रॉस कालवड दिसली तर मी पुढंच जातो.

गीरवाला_मुळशी

एचएफच्या मागं का लागताय, दोन गीर घ्या, दूध कमी पण औषधपाण्याचा खर्च नाही, आणि पुण्यात ए-टू दुधाला गिऱ्हाईक आहे.

वही_पेन

गीरवाले काका, शिरूरवरून रोज हडपसरला बाटल्या पोचवणार कोण? त्यांचं दूध संकलन केंद्रावर जाणार, तिथं फॅट-एसएनएफवर, म्हणजे दुधातली चरबी आणि बाकीचे घन घटक मोजून पैसे. तो वेगळा धंदा आहे, वेगळा धागा काढा, मी येतो.

मी हिशेबाचं लिहितो, कारण इथं सगळे गाईबद्दल बोलले, पैशाबद्दल कोणी नाही.

गाभण गाय ८५ हजाराची घेतली आणि विण्याला दोन महिने आहेत असं धरा. मी माझ्या वहीत लिहिलंय, आटवलेल्या गाभण गाईला माझ्याकडे रोज पंधरा किलो मुरघास, चार किलो कडबा, दोन-अडीच किलो गोळी पेंड आणि मिनरल मिक्श्चर असं सगळं धरून २२० ते २४० रुपये लागले. साठ दिवसांचे चौदा हजार. गाडीभाडं, डॉक्टर, रक्त तपासणी, विमा धरून अजून सहा-सात. म्हणजे गाय व्याली त्या दिवशी ती ८५ ची नाही, १ लाख ५ हजाराची झालेली असते. दुभती १ लाख ५ हजाराला मिळत असेल तर तुलना तिच्याशी करा. बहुतेकजण ८५ ची तुलना १०५ शी करतात आणि वीस हजार वाचले म्हणतात.

दुसरं म्हणजे हप्ता. कर्ज घेतल्यावर बँक गाय विण्याची वाट बघत नाही. पहिले दोन-तीन महिने दूध शून्य आणि हप्ता चालू, ते पैसे बाजूला काढून ठेवलेत का? बँकेला आधीच सांगून हप्ता विण्याच्या तारखेनंतर चालू करून घेता येतो का ते विचारा, माझ्या वेळी दोन महिने पुढं ढकलला होता. विम्याचंही नीट वाचा, विमा जनावर मेलं तर असतो, गाभ टाकला किंवा एक सड गेला म्हणून पैसे मिळत नाहीत.

तिसरं, गाभण म्हणून घेतलेली रिकामी निघाली तर काय? आत पू साठलेला, किंवा वासरू आतच वाळलेलं, बाहेरून पोट मात्र गाभणीसारखं. असली गाय पुढं कोणाला विकणार? २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर भाकड गाईला गिऱ्हाईक राहिलेलं नाही, मरेपर्यंत आपणच सांभाळायची. सांभाळायला माझी ना नाही, पण हिशेबात धरा. आणि दूधदराचं तर बोलायलाच नको, २०२४ मध्ये सरकारला लिटरमागं आधी ५ आणि मग ७ रुपये अनुदान द्यावं लागलं होतं, त्यावरून समजा शेतकरी कुठं पोचला होता. पस्तीसचा दर धरून आखणी केली आणि अठ्ठावीस मिळाला तर गाभण काय आणि दुभती काय.

एवढं सगळं असून मी स्वतः गाभणच घेतो. कारण पूर्ण ३०५ दिवसांचं वेत मिळतं, विल्यानंतर दीड-दोन महिन्यांचा दुधाचा चढ असतो तो सगळा आपल्या गोठ्यात येतो, आणि वासरू. सॉर्टेड सिमेननं (मादी वासरासाठी वेगळं काढलेलं वीर्य) भरलेली असेल तर शंभरात नव्वद वेळा कालवड. ती कालवड अडीच वर्षांनी गाय होते, विकत न घेता. मात्र माझी खरेदी ओळखीच्या गोठ्यातून आणि तारखेच्या कागदासकट.

दौंड_गोठा

वही_पेन यांचा मुद्दा मान्य. माझं दुभतीबद्दलचं मत त्यांनी थोडं हलवलं. पण एक सांगतो, ज्याच्या घरी रोजचा खर्च दुधावर चालतो त्यानं सगळ्या गाई गाभण घेऊ नयेत. एक तरी दुभती पाहिजे, म्हणजे पेंडीचे पैसे तरी निघतात.

घोडकाठ (१६ सप्टेंबर)

मंडळी, कळवतो म्हटलं होतं. सगळ्यांचं वाचून दाखवलं घरी, अण्णांना आणि काकांना समोरासमोर बसवून. नीराकाठ भाऊंचं वाचताना अण्णा एकदम गप्प झाले, मग म्हणाले "हात झाकायचे हातमोजे आणून ठेव आधी." ते आणले.

बाजाराचा नाद सोडला. पारनेरकडे एक गोठा आहे, ओळखीतून कळलं, ते दरवर्षी आपल्या जास्तीच्या कालवडी विकतात. तिथं दोन रविवार गेलो. पहिल्या रविवारी फक्त बघितलं. चौदा गाई मोकळ्या सोडलेल्या, मुक्त संचार गोठा, कुणाचंही अंग शेणानं माखलेलं नाही. दोन कालवडी निवडल्या, एक ४ फेब्रुवारीला भरलेली, दुसरी १९ फेब्रुवारीला. तारखा त्यांच्या वहीत होत्याच, आम्ही बिल्ल्याचे नंबर घेऊन आमच्या दवाखान्यात दिले तर तिथंही त्याच तारखा निघाल्या, गाभ तपासणीची नोंदही होती, आणि लहानपणच्या ब्रुसेलाच्या लसीचीसुद्धा. दोघींच्या आया तिथंच दावणीला. मोठीच्या आईचं दूध आमच्यासमोर काढलं, सकाळी साडेआठ लिटर.

दुसऱ्या रविवारी आमचे डॉक्टर बरोबर नेले. त्यांनी कोपरापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवला, साबणाचं पाणी लावलं, आणि डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं काही गडबड आहे. मग हसले आणि म्हणाले "लाथ मारतंय आतून." अण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या क्षणाला गेला. रक्त आधीच्या आठवड्यात काढून औंधला पाठवलं होतं, दोन्ही निगेटिव्ह. मालकानं एका शब्दानं नाही म्हटलं नाही.

भाव ८२ आणि ७८ हजार. सोडत नव्हते, शेवटी चहा झाल्यावर दोन्हीत मिळून चार हजार कमी केले. पिकअपमध्ये उसाचं पाचट अंथरलं, पहाटे पाचला निघालो, ड्रायव्हरला सांगितलं घाई नाही. दोन्ही वेगळ्या शेडात बांधल्यात, जुन्या गाईंपासून लांब. आणि अण्णांच्या शब्दाला मान म्हणून गावातूनच एक दुसऱ्या वेताची दुभती घेतली, तीन धारा बघून, दिवसाला तेरा लिटर. तिचंही रक्त पाठवून मगच आणली. चौथी सध्या नाही. बँकेनं हप्ता दीड महिना पुढं ढकलून दिला.

जुन्नरकरीण

फार बरं वाटलं वाचून. शेवटचे तीन आठवडे लसूणघास बंद ठेवा बरं का दादा, मका-कडबा चालेल. कॅल्शियम जास्त गेलं की व्यायल्यावर गाय बसते. पहिलारूला भीती कमी, पण तुमची ती घरची आटवलेली गाय आहे ना, तिला नक्की सांभाळा.

पशुवैद्य_सासवड

ताई बरोबर. आणि पेंड एकदम वाढवू नका, रोज थोडी थोडी, विण्याच्या वेळेपर्यंत तीन-साडेतीन किलोवर आणा. गोचीड बघत राहा, नवीन जागेत गोचीड तापाची भीती असते. ताप आणि मानेजवळच्या, खांद्यापुढच्या गाठी सुजलेल्या वाटल्या तर थांबू नका. १९६२ ला फोन करा.

नीराकाठ

वडील बरे आहेत, विचारल्याबद्दल आभार. तुमचं वाचून त्यांना सांगितलं, म्हणाले असंच करायला पाहिजे होतं आपण. अण्णांना नमस्कार सांगा.

घोडकाठ (११ नोव्हेंबर)

व्यायली! ४ फेब्रुवारीची. ९ तारखेला रात्री, म्हणजे बरोबर २७८ दिवस.

मी शनिवारी गावीच होतो. दुपारपासून शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते, कास उतरली होती, सडांना मेणासारखं लागलं होतं. अण्णा म्हणाले आज नाही, उद्या. रविवारी संध्याकाळी तिनं खाणं सोडलं, सारखी उठ-बस. साडेनऊला पाण्याची पिशवी दिसली, मग पुढचे दोन पाय, त्यावर नाक. अण्णांनी मला हात लावू दिला नाही, म्हणाले "तिचं ती करील, नाक-पाय सरळ आहेत." वीस-पंचवीस मिनिटं आम्ही दोघं कडब्याच्या पेंढीवर बसून होतो. जर्सीची कांडी होती त्यामुळं वासरू लहान, सहज आलं. कालवड आहे. अण्णांनी हातमोजे घातले होते, नाकातलं पुसलं, बेंबीला आयोडीन लावलं. वार पहाटेपर्यंत आपोआप पडली, ती मी लांब खड्डा करून पुरली.

चीक दोन तासांच्या आत दोन लिटर पाजला, बाटलीनं. डॉक्टरांनी चिकाच्या ताकदीचं जे लिहिलं होतं ते घोकून ठेवलं होतं. गायीनं एकदा पाय उचलला, आईनं "हां हां" म्हणून कासेला हात ठेवला तशी शांत झाली. दोन महिने आई रोज तिची कास धुवायची, जुन्नरकरीण ताई, हे तुमच्यामुळं. वसुबारसेला आईनं ओवाळलं होतं त्या दुभत्या गाईला आणि तिच्या वासराला, पण या दोघींच्या कपाळालाही कुंकू लावून आली होती.

आज तिसरा दिवस, दूध अजून नीट उतरायचंय, सकाळी साडेपाच निघालं. व्यापाऱ्यानं सांगितलेले पंचवीस वगैरे डोक्यातून काढून टाकलेत. उरलेल्या चिकाचा खरवस झाला, शेजारी वाटला.

रक्ताचा दुसरा नमुना महिनाअखेरीला द्यायचाय, तोवर ती वेगळीच राहील. आणि १९ फेब्रुवारीवाली २६ च्या आसपास आहे, तिच्या खाली मात्र एचएफची कांडी आहे आणि ती अंगानं थोडी लहान, म्हणून जरा धाकधूक आहे. उरुळीकर, तुमच्या त्या कालवडीत अडल्याचं पहिल्यांदा कशावरून कळलं होतं, ते जमलं तर लिहा.

उरुळीकर

अभिनंदन. पाण्याची पिशवी फुटून दीड-दोन तास झाले, गाय जोर करतेय आणि तरी पाय बाहेर येत नाहीत, किंवा दोन पायांऐवजी एकच दिसतो, किंवा तळवे वरच्या बाजूला आहेत, तर ओढाओढ न करता लगेच डॉक्टर. आम्ही चार तास थांबलो होतो, तिथंच चुकलं. २५ पासून डॉक्टरांचा नंबर गोठ्यात भिंतीवर लिहून ठेवा, आणि त्या रात्री तुम्ही गावी राहता येईल असं बघा.

घोडकाठ

रजा टाकली, २५ ते २८.